एकास सत्त्याऐंशी

चिपळूणला रेल्वे फार उशिरा आली. मुंबई–ठाण्याची गाडी 1853 सालची. आमच्या वालोप्यातल्या स्टेशनच्या फलाटाला गाडी लागेपर्यंत विसावं शतक सरत आलं होतं. तोवर गोवळकोटच्या धक्क्यावरची गलबतं आणि नंतर घाट चढणारी-उतरणारी एसटी यांच्यावरच माणसांची भिस्त. अ. ब. वालावलकरांनी कोकण रेल्वेचा आयुष्यभर ध्यास घेतला, मधू दंडवते त्यासाठी झगडत राहिले, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 मध्ये महामंडळ उभं राहिलं, ई. श्रीधरन यांनी डोंगर फोडून रूळ टाकले आणि 26 जानेवारी 1998 ला सलग मार्ग खुला झाला. इतकी वाट पाहिलेल्या लोकांना गाडी म्हणजे नुसतं ये-जा करायचं साधन वाटत नाही. आमच्याकडे अजूनही, बोगद्यातून गाडी बाहेर आली की शेतातला माणूस कंबर सरळ करून शेवटचा डबा जाईपर्यंत बघत राहतो.

योगायोग असा, की त्याच 1998 साली पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय लोकांसाठी उघडलं. पुण्याला गेलं की माझे पाय तिकडे वळतात. एका दालनात आख्खं शहर मांडलेलं: उड्डाणपूल, सर्कशीचा तंबू, रोप-वे, सिग्नल, दिव्याचे खांब आणि या सगळ्यामधून वळसे घेत धावणाऱ्या गाड्या. खेळ सुरू झाला की हळूहळू संध्याकाळ होते, घराघरांत दिवे लागतात, आणि बघायला आलेली पोरं एकदम गप्प होतात. मला मात्र त्या वेळी पोरांपेक्षा त्यांचे आजोबाच बघावेसे वाटतात. कठड्याला रेलून, चष्मा कपाळावर सारून, ते इंजिनाच्या चाकांकडे बघत असतात.

त्या इंजिनाकडे जवळून बघायलाच हवं. वाफेच्या इंजिनाच्या चाकांना जोडणारा दांडा पुढे-मागे होत असतो, आणि तो काडेपेटीतल्या काडीहून फारसा जाड नसतो. चालकाच्या खोलीला चढायच्या पायऱ्या असतात, पायरीशेजारी धरायला दांडी असते. अशा इंजिनाच्या पोटात एक बारीक तापणारी तार बसवतात. तिच्यावर खास तेलाचे चार थेंब सोडले की धुराड्यातून खरा धूर निघतो. कुणीतरी भिंग लावून, श्वास रोखून हे जोडलेलं असतं. कामावरची अशी माया मला देवळाच्या खांबावरचं कोरीवकाम बघताना जाणवते, तशीच इथेही.

छोट्या गाड्या करण्याच्या या छंदात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण एकास सत्त्याऐंशी. खऱ्या वस्तूचे सत्त्याऐंशी भाग करायचे आणि एक ठेवायचा. त्याचे रूळ जगभर साडेसोळा मिलिमीटर अंतरावर असतात, कारण युरोप-अमेरिकेतला बहुतेक रूळ 1435 मिलिमीटरचा. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर रुंद. हिशेब केला तर आपली छोटी गाडी सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या रुळावर धावायला हवी. तसा रूळ तयार मिळत नाही, म्हणून भारतीय गाड्यांची मॉडेलं करणारे बहुतेक जण डबा आपल्या मापाचा करतात आणि तो परदेशी रुळावर चालवतात. गाडी रुळाच्या मानाने किंचित रुंद दिसते. पावणेतीन मिलिमीटरचाच काय तो फरक, पण एकदा कळला की डोळ्यांना तो सतत खुपतो.

हे प्रमाण मनात घेऊन मी घरी परततो आणि कोकण रेल्वे मोजायला बसतो. 741 किलोमीटरचा मार्ग साडेआठ किलोमीटरांवर येतो. साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा पंचाहत्तर मीटरचा होतो. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल खरा 64 मीटर उंच. लहान केला तरी पाऊण मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढा. बावीस डब्यांची गाडी करायची म्हटली तर सहा मीटरांच्या आसपास जाते, घरातल्या खोलीत मावत नाही. म्हणून छंदी माणसं डबे कमी करतात, दोन स्टेशनांमधलं अंतर आवळतात, आणि काय ठेवायचं ते ठरवतात. हे ठरवणं हीच खरी कला. ज्याला तो मुलूख ठाऊक आहे त्यालाच ते जमतं.

काळही ठरवावा लागतो. 2022 मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. त्यानंतरचं मॉडेल म्हणजे खांब आणि तारा आल्या. मी त्याआधीचा काळ घेईन: डिझेल इंजिन, निळे डबे, डोक्यावर मोकळं आभाळ. आणि महिना जुलैचा.

इथे सगळं अडतं. लोखंड, लाकूड, माणूस, डोंगर, काय हवं ते सत्त्याऐंशीपट लहान करता येतं. पाणी करता येत नाही. खरं पाणी छोट्या नदीत ओतलं तर त्याचा थेंब थेंबाएवढाच राहतो आणि सगळा देखावा खोटा पडतो. म्हणून मॉडेलातल्या नद्या पारदर्शक रेझिन ओतून करतात. अशी नदी चकाकते, गोठते, आणि कधी वाढत नाही. आमची वाशिष्ठी नदी अशी कशी दाखवायची? 22 जुलै 2021 ला तिचं पाणी चिपळुणात पहिल्या मजल्यांना लागलं. चिपळूण आणि कामथे या स्टेशनांमधल्या रेल्वेपुलाशी पाणी चढलं, गाड्या थांबवाव्या लागल्या. चकाकणाऱ्या रेझिनमध्ये ही नदी सापडायची नाही.

मग मला वाटतं, पाऊस दाखवायचाच नाही. पावसासाठी माणसांनी काय काय केलं ते दाखवायचं. कटिंगवर दरडी अडवायला ताणलेल्या लोखंडी जाळ्या. उतारावरून पाणी काढून देणारी गटारं. भिजून काळपट झालेला जांभा आणि त्यावरचं शेवाळ. पावसाळी वेळापत्रक लागल्यामुळे वेग कमी केलेली गाडी. आणि रुळांच्या कडेने चालणारा गस्तवाला. 2003 मध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 मध्ये करंजाडीजवळ पावसाळ्यातच गाड्या रुळांवरून घसरल्या, माणसं गेली. रात्री-अपरात्री दरडीवर नजर ठेवत कोसळत्या पावसात मैलोगणती चालणाऱ्या या माणसांमुळे आपण बर्थवर निर्धास्त झोपतो. मॉडेलात हा गस्तवाला जेमतेम दोन सेंटिमीटर उंच होईल. अंगावर रेनकोट, हातात बत्ती. रंगवायला सगळ्यात जास्त वेळ मी त्याच्यावर घालवीन.

हे मॉडेल चिपळुणातच व्हायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासून इथे उभं आहे. महापुराने त्याचीही पुस्तकं भिजवली, तरी ते पुन्हा उभं राहिलं. अशा एखाद्या जागी, वरच्या मजल्यावर, लांब भिंतीलगत कामथे ते अंजनी या स्टेशनांमधला एवढाच तुकडा मांडायचा. शाळेतल्या मुलांनी कौलं कापावीत, रेल्वेतून निवृत्त झालेल्यांनी सिग्नलची जागा चुकली तर ओरडावं. रंगाचे डबे मुंबईहून मागवावे लागतील. माती मागवायची गरज नाही. उन्हाळ्यात जांभ्याचे तुकडे खलबत्त्यात कुटायचे, पूड मलमलीतून चाळायची, पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या त्या पुडीवर तो ड्रॉपरने सोडायचा. मलमल माझ्याकडे आहे. खलबत्ता आईचा आहे, तो ती देईल.