दोन मीटरांवरून

आम्ही दोघे नांदेडच्या एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि सकाळी वजिराबादेतून नगीनाघाटापर्यंत फिरायला जातो. कॅमेरा दोघांत एक. त्याला 55 ते 250 मि.मी.ची लांब झूम लेन्स लावलेली असे. कारण आमचा संकोच: लोकांजवळ न जाता लोक टिपता येत.

एकदा घाटाच्या वरच्या पायरीवरून आम्ही अस्थी विसर्जित करणाऱ्या एका गृहस्थांचे छायाचित्र घेतले. वाकलेली पाठ, पाण्याला टेकलेली ओंजळ. आम्हांला ते फार आवडले. विभागाच्या भित्तिपत्रकात लावले. तिसऱ्या दिवशी बी.ए.चा एक विद्यार्थी त्यापुढे बराच वेळ उभा होता. "हे माझे काका," तो म्हणाला, "आजीच्या अस्थी होत्या. सर, तुम्ही तिथंच होता, तर जवळ का नाही आलात?" आम्ही ते चित्र काढून घेतले. उत्तर आमच्याकडे नव्हते.

त्यानंतर लहानशी वाइड लेन्स घ्यायचे ठरले आणि महिनाभर वाद चालला. एकाला 10 ते 18 मि.मी.ची झूम हवी होती. नंदगिरी किल्ल्याचा बुरूज आणि गोदावरी एका चौकटीत मावावी म्हणून. दुसऱ्याच्या मनात कॅननची 24 मि.मी.ची चपटी लेन्स होती. 2014 साली आलेली ही लेन्स सव्वाशे ग्रॅम वजनाची. ती लावलेला कॅमेरा शबनम पिशवीत सहज मावतो. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून 1.6 पटीने लहान, त्यामुळे तिच्यातून दिसते ते जुन्या कॅमेऱ्याच्या 38 मि.मी. लेन्सएवढेच. रुंदीचा मोह असणाऱ्याला ते थोडेच वाटणार.

निर्णय झाला तो एका साध्या गणिताने. कॅमेरा उभा धरून एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत टिपायचा, तर 250 मि.मी.ला सुमारे बावीस मीटर दूर राहावे लागते. 10 मि.मी.ला एक मीटरच्याही आत शिरावे लागते आणि कडेचे चेहरे ताणले जातात. 24 मि.मी.ला हे अंतर दोन मीटरांहून जरासे अधिक. वर्गात निवेदकाच्या अंतराविषयी आम्ही वर्षानुवर्षे बोलत आलो. ते असे पावलांत मोजता येते, हे ध्यानात आले नव्हते. बावीस मीटरांवरून माणूस न्याहाळता येतो. दोन मीटरांवरून आधी 'राम राम' म्हणावे लागते.

24 मि.मी.ची लेन्स घेतली. आता छायाचित्रे कमी निघतात. कोणी मानेनेच नको म्हणतो, आम्ही कॅमेरा खाली घेतो. परवा पंजाबहून आलेल्या एका वृद्ध यात्रेकरूने स्वतःच थांबवून नदीसह फोटो काढून घेतला.

त्या जुन्या चित्राची प्रत आम्ही विद्यार्थ्याहाती काकांकडे पाठवली होती. त्यांनी ती ठेवली की नाही, हे विचारायचे अजून राहिले आहे. ते विचारायलाही जवळच जावे लागेल.