उत्तर चुकलं, पण नेमकं कुठे?



आपल्या रत्नागिरीकडे वाडीत शिंपण करताना शेवटच्या माडाच्या आळ्यात पाणी पोचलं नाही, तर आपण पाटाच्या कडेने चालत जातो. कुठे फुटलाय ते दिसतं. पण पाट वरून झाकलेला असेल तर? इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना एफपीजीए चिपमध्ये नेमकी हीच अडचण येते.

ही चिप म्हणजे कोरी पाटी. आतली जोडणी संगणकावर लिहून तिच्यात भरायची. चुकली तर पुसून पुन्हा भरायची. झायलिंक्स कंपनीने 1985 मध्ये आणलेल्या अशा चिपमध्ये 64 ठोकळे होते, आज लाखो असतात. कायमची चिप एकदा बनली की बदलता येत नाही, म्हणून आधी तिचा नमुना एफपीजीएवर चालवून बघतात. पण आत हजारो संकेत धावतात आणि बाहेर येणाऱ्या पिना मोजक्याच!

माझी एक जुनी विद्यार्थिनी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या प्रकल्पात बेरीज कधी बरोबर यायची, कधी चूक. परीक्षा तोंडावर, आणि सगळं मोडून नव्याने लिहायचं तिच्या मनात होतं. त्याआधी तिने चिपच्या आतच एक 'खिडकी' बसवली. म्हणजे काय, तर चिपची थोडी मेमरी राखून ठेवायची आणि निवडलेल्या संकेतांची दर ठोक्याला तिथे नोंद करायची.

आता गणित बघा. सेकंदाला 5 कोटी ठोके आणि जागा 1024 नोंदींची. म्हणजे जेमतेम 20 मायक्रोसेकंदांचं दृश्य! म्हणून 'अमुक घडलं की नोंद थांबव' अशी खूण आधीच ठरवावी लागते. तिने खूण लावली आणि चोर सापडला. बेरीज करणारा भाग एक ठोका आधीच आकडा उचलत होता, त्यामुळे त्याला मागचाच आकडा मिळायचा. लागोपाठ दोन आकडे सारखे आले, तरच उत्तर बरोबर! दुरुस्ती निघाली एका ओळीची.

मोठ्या कामातही हेच चालतं. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची. त्यांचे संकेत हाताळायला एफपीजीए बोर्ड वापरतात. अशा बोर्डांच्या रचनेत संकेताचा छोटा तुकडा पकडून संगणकावर बघायची सोय आधीच ठेवता येते.

आता आपल्या वर्गाकडे या. 47 + 38 चं उत्तर एकाने 75 लिहिलं, दुसऱ्याने 715. दोघांनाही लाल फुली मिळते. पण पहिला हातचा विसरलाय, आणि दुसऱ्याला हातचा म्हणजे काय हेच कळलेलं नाही. फुलीतून हा फरक दिसत नाही.

प्रत्येक पायरीला मुलाला अडवू नका. चिपमध्येसुद्धा खिडक्या जागा खातात, म्हणून मोजक्याच ठेवतात. एकच जागा निवडा. उद्या वही तपासताना फुली मारण्याआधी एवढंच विचारा, "एककांची बेरीज किती आली, आणि त्याचं तू काय केलंस?" मूल काय सांगतं ते शेवटपर्यंत ऐका. आणि काय सापडलं ते आम्हालाही कळवा.