आधी काय?

पैसे नसतात तेव्हा संस्था किती समाधानाने चालते! पंखा कुरकुरतो, कपाटाचे दार लागत नाही, पण भांडण होत नाही. आमच्या लालबागच्या छोट्या वाचनालयाचे असेच सुरळीत चालले होते. गेल्या वर्षी एक लाख रुपयांची देणगी आली आणि कार्यकारिणीतल्या नऊ माणसांची झोप उडाली.

देणगीदार माझाच जुना विद्यार्थी. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जागा नाही म्हणून तो आमच्या बाकावर बसून अभ्यास करीत असे. आता पुण्याला मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने एवढेच कळवले, "मास्तर, पैसे संगणकीकरणाला लावा."

श्रावणातल्या एका संध्याकाळी सभा भरली. खाली रस्त्यावर गणपतीच्या मांडवाचे बांबू उतरत होते आणि वर आमचे मनोरथ चढत होते. अध्यक्षांना सगळी जुनी पुस्तके स्कॅन करायची होती. चिटणिसांना मोबाइलवरचे अ‍ॅप हवे होते. खजिनदारांना हिशेबासाठी स्वतंत्र कॉम्प्युटर पाहिजे होता. एका तरुण सभासदाने तर भिंतीवर मोठा पडदा सुचवला. त्यावर काय दाखवायचे, हे पुढे ठरवू म्हणाला.

ग्रंथपालबाई तेवढ्या गप्प होत्या. त्यांच्या गप्प बसण्याचे कारण मला ठाऊक होते. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही असाच उत्साहाने एक कॉम्प्युटर आणला होता. एका मुलाने तीन महिने खपून सहा हजार पुस्तकांची यादी त्यात उतरवली. पुढे मुलगा नोकरीला लागला, यंत्र बिघडले, आणि यादी दुसऱ्या यंत्रावर उघडली तेव्हा पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! त्या काळच्या पुष्कळ मराठी टंकांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. टंक गेला की चित्र गेले. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, हे आम्हाला फार उशिरा कळले. आणि टंकलेखनाच्या उत्साहात जुन्या नोंदवह्या वाळवीच्या स्वाधीन झाल्या होत्या. तेव्हापासून आमची खरी यादी म्हणजे बाईंची स्मरणशक्ती.

मी विचारले, "बाई, तुमचा सर्वांत जास्त वेळ कशात जातो?"

त्या म्हणाल्या, "नाही म्हणण्यात. पुस्तक असते हो मास्तर, पण सापडत नाही. मग मी 'नाही' म्हणते. माणूस दोनदा विचारतो. तिसऱ्यांदा येतच नाही."

सभा क्षणभर शांत झाली. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले; त्यातला एक आहे, वाचकाचा वेळ वाचवा. आम्ही मात्र सभासदांच्या हौशीचा विचार करीत होतो. मग मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. मास्तरकी दुसरे काय शिकवते? कोणते काम अडले आहे? ते रोज कोण करणार? आणि तीन वर्षांनी यंत्र बिघडले तर पैसे कोठून आणायचे? प्रत्येक सूचना या तीन चाळण्यांतून गाळायची.

पडदा पहिल्या चाळणीतच अडकला. अ‍ॅप दुसरीत. स्कॅनिंगचा वाद मात्र लांबला. शेवटी ठरले की, आमची बहुतेक जुनी पुस्तके १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या मोठ्या संस्थांत असायचीच. जे फक्त आमच्याकडे आहे, म्हणजे गिरणी कामगारांनी काढलेली हस्तलिखित मासिके, त्यांची छायाचित्रे आधी घ्यायची. बाकीचे मागाहून.

उरली यादी. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची तयार करून छापली, तीही कॉम्प्युटरशिवाय. तेव्हा यंत्र नाही ही आमची सबब खरी नव्हतीच. शिवाय प्रणाली विकत घ्यावी लागत नाही, हेही कळले. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या ग्रंथालयांना १९९९ साली पेच पडला होता, की जुनी व्यवस्था २००० साल उजाडताच कोलमडेल. त्यांनी नवी करवून घेतली आणि सगळ्या जगाला फुकट वापरू दिली. तिचे नाव 'कोहा'. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट.

हिशेब असा बसला: कॉम्प्युटर आणि बॅटरी ४०,०००, यादी उतरवणाऱ्या दोन विद्यार्थ्यांचे मानधन २०,०००, दुरुस्तीसाठी बँकेत ठेव २५,०००. राहिले १५,०००, ते गळक्या पत्र्यांना. खजिनदार म्हणाले, "पत्रे म्हणजे संगणकीकरण कसे?" मी म्हणालो, "कॉम्प्युटर त्याच पत्र्यांखाली बसणार आहे."

हे सारे देणगीदाराला लिहिणे माझ्या वाट्याला आले. चार मसुदे फाडले. ज्याने मन भरून दिले, त्याला पत्र्यांची पावती कशी पाठवायची? आठवडाभर उत्तर नाही. मग फोन आला, "मास्तर, मला संगणक कक्षाचा फोटो हवा होता." थोडा वेळ तो बोललाच नाही. "पण ते पत्रे माझ्याही डोक्यावर गळत होते."

मुलांनी यादी थेट कपाटांवरून उतरवली, रोज संध्याकाळी शंभर पुस्तके. दोन महिन्यांहून थोडे अधिक लागले. दर शनिवारी यादीची एक प्रत बाईंच्या घरी जाते, दुसरी माझ्या शाळेच्या कपाटात.

विणकर खात्यात काम केलेले एक आजोबा एक कादंबरी गेली चार वर्षे मागत होते. 'नाही' ऐकूनही येत राहिलेले ते बहुधा एकटेच. ती मुलांना वरच्या फळीवर, मागच्या रांगेत सापडली. मागच्या पानावरचा शेवटचा शिक्का १९८१ सालचा, गिरण्यांचा संप व्हायच्या आदल्या वर्षीचा. आजोबांनी तो बोटाने चाचपला. मग बाईंना विचारले, "किती दिवस ठेवता येईल?"

"पंधरा दिवस," बाई म्हणाल्या, आणि जरा थांबून, "पण तुम्ही सावकाश वाचा, काका."