विमानाची वळचण

अमेरिकेस जाऊन आलेल्या मनुष्यास आमच्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो नायगाऱ्याच्या धबधब्याचा. मीं तो पाहिला नाहीं. तीन वर्षांपूर्वीं जुलै महिन्यांत इलिनॉय राज्यांतील माझ्या भाच्याकडे राहण्याचा योग आला, आणि त्या मुदतींत मीं जें पाणी लक्षपूर्वक पाहिलें तें एका लहानशा विमानाच्या फटींतून आंत उतरलेलें, फार तर पावशेर भरेल इतकें. परंतु त्या पावशेर पाण्यानें आम्हां मामा-भाच्यांत दीड दिवस अबोला घडविला. तेव्हां त्याची हकीकत वाचकांस अगदींच निरस वाटूं नये.

भाचा संगणकांच्या एका कचेरींत नोकरीस आहे. पण त्याचें चित्त असतें घराच्या मोटारखान्यांत. तेथें त्यानें सहा वर्षें खपून, अल्युमिनियमचे पत्रे हजारों रिवेटांनीं एकमेकांस जोडून, दोन आसनांचें एक विमान स्वतःच्या हातांनीं बांधलें. आपल्याकडे हें ऐकून कोणी हंसेल. तिकडे यास कायद्याचा आधार आहे. विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसांनीं स्वतः, शिक्षणासाठीं अथवा करमणुकीसाठीं, घडविला असेल तर सरकारी तपासणीनंतर त्यास उड्डाणाची परवानगी मिळते. मात्र ‘एक्स्पेरिमेंटल’ हा शब्द आंत चढणाऱ्याच्या नजरेस पडेल असा लिहावा लागतो. माझ्या भगिनीनें, म्हणजे भाच्याच्या मातोश्रींनीं, तो शब्द वाचला आणि तेथूनच त्या माघारीं फिरल्या. मी त्या दिवशीं चष्मा विसरलों होतों, असें आमच्या घरांत म्हणतात.

अशा विमानांची मोठी जत्रा दर वर्षीं जुलैच्या अखेरीस विस्कॉन्सिन राज्यांत ऑशकॉश येथें भरते. २०२० सालीं तेवढी महामारीमुळें भरली नाहीं. गांव विनेबागो नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या पश्चिम तीरावर. त्याचें नांव मेनॉमिनी जमातीच्या एका नायकावरून पडलेलें. १९५३ सालीं पॉल पोबेरेझ्नी यांनीं मिलवॉकी शहरीं हौशी विमानकारांची संस्था काढली. तिचा मेळा प्रथम मिलवॉकीस, मग रॉकफर्ड येथें व १९७० पासून ऑशकॉशच्या विटमन विमानतळावर भरूं लागला. ज्यांचें नांव त्या तळास दिलें आहे ते स्टीव्ह विटमन तळाचे बरींच वर्षें व्यवस्थापक होते, शर्यतींत विमान चालवीत, आणि स्वतः विमानें बांधीत. तेव्हां क्षेत्रास योग्य असाच पुंडलीक लाभला म्हणावयाचा.

तेथें उतरण्याची रीत पाहण्यासारखी आहे. रिपन गांवाजवळ विमानें एका ओळींत शिरतात आणि आगगाडीच्या रुळांवरून, एकमेकांत अर्ध्या मैलाचें अंतर राखून, ९० नॉटच्या वेगानें फिस्क या खेड्याकडे येतात. फिस्कला जमिनीवरून दुर्बिणींनीं पाहणारे नियंत्रक रंग व आकार सांगून हुकूम देतात, आणि वैमानिकानें उलट बोलावयाचें नाहीं, फक्त पंख हालवावयाचे. भाच्यानें पंख हालविले तेव्हां माझ्या पोटांत काय हाललें तें सांगत नाहीं. धांवपट्टीवर मोठाले रंगीत ठिपके काढलेले असतात; ‘हिरव्या ठिपक्यावर उतरा’ म्हटलें कीं तेथेंच टेंकावयाचें. वारकऱ्यांच्या दिंड्यांतही इतकी शिस्त मीं क्वचित् पाहिली आहे.

उतरल्यावर विमान गवतावर उभें करून त्याच्याच पंखाखालीं तंबू ठोकावयाचा. ही वसाहत मोठी रम्य. पण आकाश उघडें. २०१० सालीं मेळ्याच्या आधीं इतका पाऊस झाला कीं गवताचा चिखल होऊन येणारीं विमानें आजूबाजूच्या तळांवर पाठवावीं लागलीं. त्या वर्षास लोक अद्याप ‘स्लॉशकॉश’ म्हणतात. आमच्या वांट्यास तेवढें आलें नाहीं. एका रात्रीं पश्चिमेकडून मेघगर्जनेसह दोन तास पाऊस कोसळला, तंबूंत आम्ही कोरडे राहिलों, आणि सकाळीं चकचकीत ऊन पडलें.

भाच्यानें छत उघडलें. या विमानाचें कांचेचें छत पेटीच्या झांकणासारखें पुढच्या बाजूस बिजागरीवर उचलतें. त्यानें वीज चालू केली. पूर्वीच्या विमानांत घड्याळासारख्या तबकड्या असत. आतां त्यांच्या जागीं दोन पडदे असतात, आणि उंची, वेग, दिशा, क्षितिज, सर्व त्यांवरच उमटतें. डावा पडदा उजळला. उजवा उजळला आणि त्यावर तांबड्या फुल्या उमटल्या. रेडिओ खरखरूं लागला. शेजारच्या विमानाचे वृद्ध मालक, ज्यांनीं आपलें तिसरें विमान बांधलें होतें, ते हातांतला पेला टाकून धांवत आले व म्हणाले, “आधीं वीज बंद करा!” ओल्या जोडणींत वीज खेळूं लागली कीं दोन पिनांमधील पाणीच रासायनिक घटाचें काम करतें आणि धनाग्राकडील पीन हिरवी पडून खाऊन जाते. पाण्यानें जें बिघडत नाहीं तें घाईनें बटन दाबल्यानें बिघडतें.

वादास येथून तोंड फुटलें. भाच्यास सोमवारीं कचेरींत हजर व्हावयाचें होतें. “मामा, आकाश निरभ्र आहे, एक पडदा चालतो आहे. दुसरा उन्हानें वाटेंतच वाळेल.” मीं म्हटलें, “जो चालतो आहे त्याच्या पाठीमागें कोरडें आहे हें तूं पाहिलेंस का?” त्यानें पाहिलें नव्हतें. “तुम्ही मोटारीनें या, मी एकटा नेतों,” असें तो म्हणाला, तेव्हां मीं एवढेंच विचारलें कीं तुझ्या आईस दूरध्वनीवर हें कोणीं सांगावयाचें, तूं कीं मीं. तो कांहीं बोलला नाहीं. विमानाचा पुढचा पत्रा मात्र त्यानें काढावयास घेतला.

पाणी कोठून आलें हें शोधणें सर्वांत अवघड. थेंब पडला होता रेडिओच्या पाठीवर, मध्यभागीं; म्हणून भाचा मध्यभागींच फट शोधीत बसला. आमचें बालपण राजापुराकडे कौलारू घरांत गेलें. ज्यानें शाकारणी पाहिली आहे त्यास ठाऊक असतें कीं गळतें तेथें कौल फुटलेलें नसतें. पाणी वाशाच्या पोटाला धरून दोन हात चालतें आणि मग सोईची जागा पाहून टपकतें. पत्र्याचेंही तसेंच असणार. वृद्ध गृहस्थांनीं लहान मुलांस लावण्याची पावडर आणली व पत्र्याच्या आंतल्या अंगास ती पसरली. मग झारीनें हळूहळू पाणी सोडलें. ते म्हणाले, जोराचा फवारा कधीं मारूं नये, त्यानें नसलेल्या वाटा सांपडतात. विजेरीच्या उजेडांत मला पावडरीवर एक रेघ उमटलेली दिसली. ती डाव्या बिजागरीच्या बाहूसाठीं ठेवलेल्या खांचेपासून निघून, आडव्या पट्टीला चिकटून, थेट रेडिओवर येत होती. अबोला असूनही भाच्यानें “वा मामा!” म्हटलें.

पुढें दोन दिवस वाळवण चाललें. जोडण्या सोडवून एका छोट्या पंख्याचा कोरडा वारा त्यांवर सोडला. भगिनीनें दूरध्वनीवरून ते भाग तांदळाच्या डब्यांत पुरण्याचा सल्ला दिला. तांदूळ ओलावा फारसा ओढीत नाहींत आणि कण व पीठ मात्र आंत शिरतें, हें तिला पटविण्यांत अर्धा तास गेला. एक पीन हिरवट झाली होती, ती बदलली. त्या अवधींत त्या वृद्धांनीं आमच्या देशीं कोणी घरीं विमान बांधतो काय, असें विचारलें. मुंबईंत कांदिवलीस राहत्या इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनीं सहा आसनांचें विमान बांधलें, तें २०१६ सालीं प्रदर्शनांत मांडलें गेलें व २०१७ सालीं त्याची सरकारी नोंद झाली, हें मीं सांगितलें. त्यावर त्यांनीं मान डोलावून विचारलें, “आणि तुमच्या मान्सूनमध्यें त्या गच्चीवर काय करीत?” मुंबईचा पाऊस त्यांनीं केवळ ऐकला होता; तरी प्रश्न नेमका होता.

कायमचा उपाय परतल्यावर मोटारखान्यांत झाला, आणि त्यांत मीं पाना देण्याचें काम केलें. छताच्या काठावर मेणाचा हात फिरवून, खालच्या काठावर सिलिकोनची जाड रेघ ओढावयाची व छत मिटून ती रात्रभर जमूं द्यावयाची. उघडल्यावर फटीच्या नेमक्या आकाराची रबरी कड तयार होते. पण ज्या सांध्यास रोज उघडझांप आहे तो एक दिवस गळणारच, असें धरूनच पुढची योजना करावी लागते. म्हणून सांध्याच्या खालीं पातळ पत्र्याची पन्हळ बसविली आणि तिच्या टोंकास नळी जोडून ती विमानाच्या पोटांतून बाहेर काढली. पन्हळीस उतार कोणता द्यावा यावर पुन्हां चर्चा झाली, कारण शेपटीकडे चाक असलेलें विमान जमिनीवर नाक वर करून बसतें व पाणी मागें धांवतें, आणि उडतांना तें आडवें होतें. आमच्या विमानास पुढें चाक, त्यामुळें निभावलें. रेडिओच्या माथ्यावर प्लॅस्टिकची लहान छत्री आली. प्रत्येक तार जोडणींत शिरण्यापूर्वीं खालीं झोळ घेऊन वर चढविली, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशीं गळून पडेल, पिनेपर्यंत चढणार नाहीं. हवेचा दाब मोजणाऱ्या बारीक नळीसही, तोंडापासून आंत, तसाच वर वळसा दिला. तींत पाणी अडलें तर उंची खोटी दिसते, आणि वर थंडींत तें गोठलें तर कांटा जागचा हालतच नाहीं. आच्छादनासाठीं मेणकापडाऐवजीं श्वास घेणारें कापड घेतलें, कारण मेणकापडाखालीं दंव धरतें व त्याच्या घर्षणानें छतास चरे पडतात.

मग परीक्षा. मी आंत, मांडीवर वर्तमानपत्र पसरून, हातांत विजेरी. भाचा बाहेर, नळीनें पाणी सोडीत. पहिल्या दिवशीं पान दोन ठिकाणीं भिजलें. दुसऱ्या दिवशीं एके ठिकाणीं. चौथ्या दिवशीं पन्हळीची नळी पोटाखालीं वाहूं लागली आणि रेडिओवरील छत्री कोरडी ठणठणीत राहिली. उजव्या कोंपऱ्यांतून एक थेंब मात्र अद्याप येतो; पण तो यंत्रांपासून दूर, प्रवाशाच्या गुडघ्यावर पडतो, म्हणून भाच्यानें तो तसाच राहूं दिला आहे.