पडद्यावरची बंदूक आणि आषाढातला पाऊस

ऐतिहासिक चित्रपट पाहताना माझी दृष्टी नायकाच्या मुद्रेवर फार वेळ ठरत नाही; ती मागच्या रांगेतील शिपायाच्या हातातील बंदुकीकडे जाते. शेजारी बसणाऱ्यांना याचा त्रास होतो, हे मान्य. परंतु 1660 सालचा मावळा आणि 1761 साली पानिपतावर उभा असलेला गारदी, दोघांच्याही हाती तंतोतंत एकच बंदूक दिसली की मला स्वस्थ बसवत नाही. मधली शंभर वर्षे गेली कुठे?

शिवकाळात आपल्याकडे सर्रास वापरात होती ती तोड्याची बंदूक. तोडा, म्हणजेच जामगी, ही शोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी. ती भडकत नाही, उदबत्तीसारखी धुमसत राहते. बंदुकीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची. मग नळीच्या बुडाशी असलेल्या लहानशा वाटीत रंजक, म्हणजे बारीक दारू, भरायची. चाप ओढला की जळता तोडा त्या वाटीत उतरतो, रंजक पेटते, तिची ज्योत छिद्रावाटे आत शिरते आणि बार उडतो. सरावलेल्या हाताला मिनिटाला एखादा बार साधे. शंभर पावलांपलीकडचा नेम बराचसा दैवाधीन.

गारेची बंदूक निराळी. तिच्या घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते. ती पोलादावर घासून ठिणगी पडते, जळती दोरी लागतच नाही. पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांच्या हाती अशी बंदूक शोभते. देशी शिपायाने मात्र तोड्याची बंदूक थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत सोडली नाही, कारण ती स्वस्त होती आणि गावचा लोहारही दुरुस्त करू शके. पडद्यावर ओळख अगदी सोपी आहे: धुमसती दोरी दिसते का, एवढेच पाहावे. बहुधा दिसत नाही.

‘इतक्या बारकाव्याने काय बिघडते?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पुष्कळदा काही बिघडत नाही. दरबाराच्या प्रसंगात पहारेकऱ्याच्या खांद्यावरची बंदूक शंभर वर्षांनी पुढची असली तरी कथेला धक्का लागत नाही. पण पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या त्या रात्रीचा प्रसंग घ्या. 12 जुलै 1660 ची रात्र आणि दुसरा दिवस. आषाढ, सह्याद्रीचा माथा आणि पाऊस.

ही वाट मी जुलैतच चाललो आहे. मसाई पठारावर वारा पावसाला आडवा झोडपतो. पांढरपाण्याला पोहोचेपर्यंत आमच्याकडची आगपेटी, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली, इतकी सर्दली होती की एक काडी पेटेना. त्या चिखलात बसून मला प्रथम तोडा आठवला. ती दोरी रात्रभर पेटती ठेवायची, उघड्या वाटीत रंजक कोरडी राखायची, आणि हे सारे धावता धावता!

अगदीच अशक्य होते असे मी म्हणणार नाही. वाटीला झाकण असे, तोडा आडोशाला धरता येई. पण पडद्यावर कोसळत्या पावसात रांगच्या रांग बार काढते तेव्हा खिंडीतला पराक्रमच अनाकलनीय होतो. पाठलाग करणाऱ्यांच्या बंदुका तशा चालत असत्या, तर त्यांना खिंडीत शिरायचे कारणच काय? अंतरावर उभे राहून ते एकेकाला टिपते. मग चित्रपटाला गोळ्या चुकवणारा नायक लागतो, आणि माणसाचे शौर्य जादूच्या खात्यात जमा होते. पावसाने बंदूक लुळी पडली, वाट अरुंद झाली, लढाई तलवारीच्या अंतरावर आली, म्हणून मूठभरांना अनेकांना रोखता आले. बाजीप्रभूंचे मोठेपण मला या हिशोबात अधिक दिसते, कमी नाही.

‘मग विशाळगडावरच्या इशारतीच्या तोफा कशा उडाल्या?’ असे कोणीतरी विचारणारच. गडावरची तोफ झाकून ठेवता येते, दारू कोठारात राहते. धावत्या शिपायाला ती सोय नाही.

दारू कोरडी राखणे ही तेव्हा राज्यकारभाराची बाब होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना राहत्या घरापासून दूर असावा, दारू सर्द होऊ देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशा सूचना आहेत. दारूला ऊन देणारा हवालदार अद्याप कोणत्याही चित्रपटात मला भेटलेला नाही.

तोफगोळ्यांचेही तसेच. पडद्यावर प्रत्येक गोळा आगीचा लोळ उठवतो. त्या काळचा बहुतेक गोळा भरीव असे. तो भिंत फोडी, माणसे चिरडी, उसळी घेऊन पुढे जाई, पण फुटत नसे. फुटणारे कुलपी गोळेही होते. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला राजापूरचे इंग्रज आले ते असेच गोळे घेऊन, आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरच्या वखारीवर त्याची वसुली केली. म्हणजे स्फोट दाखवायला खरी जागा उपलब्ध असताना आपण तो भलतीकडे उडवतो.

हा दोष केवळ आपला नव्हे. ‘द कोमांचेरोज’ या 1961 च्या अमेरिकी चित्रपटाची कथा 1843 मधली, आणि जॉन वेनच्या हाती रायफल आहे ती 1892 च्या नमुन्याची. भाड्याने जे मिळते तेच पडद्यावर येते. शिवाय रेशमी वेशांच्या गर्दीत जळत्या दोऱ्या नाचवायला कोणता निर्माता धजेल?

तरी एक दृश्य मला पाहायचे आहे. घोंगडीच्या खोळीत तोडा जपत एक बरकंदाज खिंडीपर्यंत येतो. फुंकर घालतो. निखारा क्षणभर लाल होतो आणि विझतो. तो बंदूक कातळाला टेकवून ठेवतो आणि तलवार उपसतो. या दृश्याला खर्चही फारसा येणार नाही.