अष्टमीचं पाणी

दापोडीत समुद्र नाही. तरी पावसाळा लागला की आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसते. मोठं शीड दिवाणावर, पुढचं दिवाणाखाली, दोरांची भेंडोळी गॅलरीत आणि सुकाणू न्हाणीघराच्या दाराला टेकवलेलं. बोट तेवढी गुहागर तालुक्यात वेलदूरला, ह्यांच्या मामांच्या परड्यात झापांखाली झाकलेली असते. एकोणीस फुटी, फायबरची, जुनी घेतलेली. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. आम्ही मे निम्मा सरला की आवरतं घेतो आणि पुन्हा पाण्यात उतरतो ते दसरा झाल्यावर. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून कोळी बाहेर पडतात खरे, पण त्यांच्या अंगातला समुद्र निराळा. आम्ही हौशी माणसं, आम्हाला निवळलेलं पाणी लागतं.

हे दापोडीच्या एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते, गाड्यांच्या बॉडी बांधायच्या खात्यात. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि रिव्हेट हा ह्यांचा हातखंडा. मी शाळांचे गणवेश शिवायचे. निवृत्तीच्या पैशांतून बोट घेतली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. आमचा हिशेब सरळ होता: पत्रा येतो, कापड येतं, राहिला वारा, तो मामांकडून शिकू. मामांनी मचवा चालवलेला, शिडाच्या काळातला माणूस. मेरीटाईम बोर्डाची नोंदणी, विमा, सागरी पोलिसांना दाखवायची ओळखपत्रं हे सगळं ह्यांच्याकडे. त्यात मी पडत नाही.

तसं दापोडीला बोटीचं अप्रूप असायचं कारण नाही. पवना मुळेला मिळते ती इथेच. सीएमई या लष्करी अभियांत्रिकी कॉलेजच्या भिंतीपलीकडे लष्कराचं रोइंगचं केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तिथे वल्ही मारून २०१६ साली रिओ ऑलिंपिकला गेला आणि तेरावा आला. ज्या इंजिनिअर्स कोअरचं हे कॉलेज, तिच्याच लोकांनी १९८५ ते १९८७ या काळात ‘तृष्णा’ नावाच्या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. पुढे नौदलाचे दिलीप दोंदे ‘म्हादेई’ घेऊन २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि २०१० च्या मेमध्ये परतले. अख्ख्या जगाला वळसा आणि वाटेत थांबे चार: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनले, केपटाऊन. आमचा खंड्या दोंद्यांबरोबर असता तर फ्रीमँटलच काय, मुरूडसुद्धा लांब पडलं असतं.

खंड्या म्हणजे आमचा कुत्रा. मुळेला पूर आला होता तेव्हा जिन्यात येऊन बसला, इतकासा होता, आणि पाणी ओसरलं तरी गेला नाही. गावठी जात, तांबूस रंग, वजन अठरा किलो. माणसं आम्हाला वादळाबद्दल विचारत नाहीत, समुद्री चाच्यांबद्दल विचारत नाहीत. पहिला प्रश्न हाच की कुत्रा शी-शू कुठे करतो? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमची सगळी सफर त्याच प्रश्नाभोवती फिरते.

पुस्तकी उत्तर असं की कृत्रिम हिरवळीचा तुकडा घ्यावा, कुत्र्याला घरी त्याची सवय लावावी आणि तोच तुकडा बोटीच्या पुढच्या टोकावर बांधावा. एक अख्खा पावसाळा आम्ही गच्चीवर ही शाळा चालवली. खंड्या गच्चीवर पहिल्या नंबराने पास झाला. बोटीवर तोच तुकडा पाहिल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच कानकोंडं झालं. ज्या जागी झोपायचं, जेवायचं, तिथे घाण करायची नाही, हा त्याचा नेम. तो तासन्‌तास दम धरतो, थरथरतो, पण मोडत नाही. मग आम्हीच मोडलो. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत खंड्याचे पाय जमिनीला लागले पाहिजेत, आणि मधला पल्ला चार तासांच्या वर नको. एवढ्यात काय ते शीडकाम बसवायचं.

इथून खरी विद्या सुरू होते. वारा सगळे शिकतात. उतरायचं कुठे आणि कधी, हे कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याहून अवघड आहे. मामांचा ठोकताळा सोपा: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आता हाच ठोकताळा कुत्र्याच्या पोटाला लावून बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, आणि भर दुपारी पाणी चढलं म्हणजे पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला ते पार उतरलेलं. नेमक्या खंड्याच्या वेळेला खाडीत वावभर रुंद चिखल उघडा पडतो. त्या चिखलात मी गुडघ्यापर्यंत, तो पोटापर्यंत, आणि परत आल्यावर सगळी बोट काळी. अष्टमीला उलट. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहाला भरती. शिवाय भांगाचं पाणी, म्हणजे चढ-उतार कमी आणि खाडीच्या तोंडाशी ओढही कमी. आमच्या बोटीच्या तळाची फळी वर ओढून घेता येते, त्यामुळे अष्टमीच्या पहाटे नाक थेट वाळूला लावायचं, खंड्या उडी मारतो, काम उरकतो, परत. पायाला चिखल नाही. म्हणून आमच्या घरात कालनिर्णय आणला की एकादश्या-चतुर्थ्या कुणी बघत नाही. अष्टम्यांवर पेनाने गोल करतात. सासूबाई असत्या तर त्यांना वाटलं असतं, सून देवीची भक्त झाली.

वाऱ्याचंही तसंच. हिवाळ्यात पहाटे मतलई सुटते, जमिनीकडून, गार आणि सरळ. समुद्र ताटासारखा सपाट. दहा-अकराला ती मरते. तासभर शिडं नुसती फडफडतात, आणि मग वायव्येचा वारा भरतो तो सूर्य कलेपर्यंत. दक्षिणेला जायचं तर दुपारी पाठीवर वारा घेऊन जावं. उत्तरेला परतायचं तर पहाटे किनारा धरून मतलईवर यावं. जुनी गलबतं अशीच बंदर-बंदर करत जायची. लांब पल्ल्याची हौस असलेले लोक आमच्या या चालीला हसतात. हसोत. दाभोळहून जयगडपर्यंत एका दमात गेलो असतो तर पालशेत काय, बोऱ्या काय, कधी पाहिलंच नसतं. बोऱ्याच्या धक्क्यावरच्या चहावालीला माझं नाव ठाऊक नाही, खंड्याचं आहे.

त्याचं जाकीट मीच शिवते. विकत मिळतात, पण ती गुबगुबीत विलायती कुत्र्यांच्या मापाची. गावठीची छाती खोल आणि कंबर बारीक, पाण्यात पडला की जाकीट कानावर येतं. फोम घेताना तो पाणी पीत नाही ना, हे बघायचं: तुकडा रात्रभर बादलीत वजनाखाली दाबून ठेवायचा, सकाळी पिळून थेंब आला तर परत करायचा. पाठीवरच्या मुठीची जागा सगळ्यात महत्त्वाची. कुत्र्याचं साठेक टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. मूठ पाठीच्या बरोबर मध्ये लावली तर उचलताना तोंड खाली जातं आणि तेच पाण्यात बुडतं. मी पोटाखालून टॉवेल घालून त्याला उचलते, टॉवेल पुढे-मागे सरकवते. चारही पाय एकदम जमिनीवरून सुटले की तिथे खडूची खूण. मूठ त्या खुणेवर, सीटबेल्टच्या पट्टीची, पट्टी पोटाखालून अखंड फिरवलेली. नुसती पाठीवर टाचलेली मूठ ऐन वेळी हातात येते, कुत्रा खाली राहतो.

शिडांच्या शिवणीला वेगळा डोळा लागतो. कापड चांगलं दिसतं, पण दोरा उन्हाने कुजलेला असतो. अंगठ्याच्या नखाने टाक्यावरून जोरात खरवडायचं. टाका तुटला, तर ती शिवण वादळात नव्हे, साध्या वाऱ्यात उसवणार. तशी सगळी ओळ उलगडून पुन्हा नागमोडी शिवायची. सरळ टाका शिडाला चालत नाही, कापड ताणलं की तो तट्‌कन जातो. आणि खंड्याची नखं जिथे लागतात तिथे, पुढच्या शिडाच्या खालच्या कोपऱ्यावर, चामड्याचं ठिगळ.

किनाऱ्यावर उतरलं की मात्र पट्टा. याबाबतीत माझं कुणाशी पटत नाही. पुष्कळांना वाटतं, मोकळ्या पुळणीवर तरी कुत्र्याला सोडावं. रापणीतून फेकून दिलेले केंड पडलेले असतात. फुगतो तो मासा, त्याच्यात जहर असतं, आणि वाळलेला केंड कुत्र्याला सुक्या बोंबलाइतकाच गोड लागत असणार. दुसरं, कासवं. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आता आंजर्ल्यालाही ते काम चालतं. थंडीत माद्या अंडी घालून जातात, आणि घरटं उकरणाऱ्यांत कोल्हे-तरसांबरोबर कुत्री असतातच. आमचा कितीही गुणी असला तरी नाक त्याचंही तेच. म्हणून वेळासच्या पुळणीवर आम्ही खंड्याला उतरवतच नाही. बाणकोटच्या खाडीत आत शिरायचं, गावाच्या धक्क्यावर न्यायचं. अर्धा तास जास्त जातो आणि तो कुरकुरतो.

पाणी माणसागणिक मोजतो तसं त्याचंही मोजतो. खारं पाणी तो चाटायला गेला की आधी गोडं पुढे करायचं. दुपारी डेक तापतं, तेव्हा पंजे भाजू नयेत म्हणून ओलं गोणपाट. हे मला आता सांगावंही लागत नाही, हेच टाकतात.

यंदा ह्यांच्या डोक्यात मालवण आहे. जयगडपर्यंत ठीक. त्याच्या पुढे रत्नागिरीपर्यंत आमच्या चालीने पाच तास लागतात, आणि मधला किनारा बराचसा उघडा. हे म्हणतात, काळबादेवीला उतरू. मी म्हणते, तिथे लाट फुटते, फुगवायची होडी उलटेल. शिवाय खंड्याचे मागचे पाय हल्ली उडी मारताना कचरतात. त्यावर उपाय म्हणून ह्यांनी बसच्या पत्र्याची एक घडीची फळी केली आहे, वर बसमध्ये पायाखाली असतं तेच रबर ठोकलंय, बोटीवरून वाळूवर टेकवायला. काम देखणं आहे, रिव्हेटांची रांग तर बघत राहावी. पण वजन सहा किलो भरलं. तेवढ्यात दोन दिवसांचं पाणी बसतं, असं मी म्हटलं, तर हे कानस घेऊन पुन्हा गच्चीवर गेले आहेत.