उपरण्याची झोळी

सायकलच्या शर्यतीवर या मासिकात लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. मला सायकल यायची ती दिग्रसच्या बाजारातून तेलाचा डबा घरी आणण्यापुरती. पंच्याहत्तरीत आता तीही सुटली आहे. पण या सायकलींनी माझी एक जुनी चूक वर काढली, आणि ती तुमच्यापुढे मांडल्यावाचून मला चैन पडेना.

माझा नातू इथल्या कृषी केंद्रात कामाला आहे. तो आणि त्याचे सात मित्र पहाटे चार वाजता दारव्हा रस्त्याने सायकली घेऊन निघतात. त्यांत एक शिक्षक आहे, एक औषधांचा दुकानदार, एक लाइनमन. पगारी खेळाडू कोणी नाही. त्यांचे वर्ष नोव्हेंबरात सुरू होते आणि ऑक्टोबरात संपते. वर्षभरात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या फेऱ्या असतात. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही, वेळेत पोचला तो पोचला. हे ऐकून मी म्हटले, "अरे, ही तर वारीच झाली!" तो म्हणाला, "आबाजी, वारीत वेळ संपली म्हणून कोणी नाव खोडत नाही." खरेच आहे.

त्यानेच मला नाशिकच्या महाजन बंधूंची हकिकत सांगितली. हितेंद्र महाजन भूलतज्ज्ञ, महेंद्र दंतवैद्य. दवाखाना सांभाळून सायकल चालवणारी माणसे. अमेरिकेत १९८२ पासून एक शर्यत होते, पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. वाळवंट आहे, मोठे डोंगर आहेत, आणि घड्याळ रात्रीसुद्धा थांबत नाही. २०१५ साली हे दोघे भाऊ दोघांच्या संघात उतरले. एक चालवतो तेव्हा दुसरा मागच्या गाडीत अंग टाकतो. नऊ दिवसांची मुदत होती, त्यांनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत वाट संपवली. म्हणजे थांबणे, बदलणे, खाणेपिणे सगळे धरून ताशी तेवीस किलोमीटर! ही शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. दोनच वर्षांनी नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ तीच वाट एकट्याने गेले. बारा दिवसांची मुदत संपायला तीन तासही उरले नव्हते. त्याच वर्षी त्यांच्या थोडे आधी नाशिकला नेमणुकीवर असलेले सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ पोचले होते. सगळे डॉक्टरच कसे, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

नातवाने पुढे एक बारीक गोष्ट सांगितली. स्वार बदलताना येणाऱ्याचे पुढचे चाक जाणाऱ्याच्या मागच्या चाकाच्या बरोबरीला आले, की मगच पुढच्याने निघायचे. मधे फट पडता कामा नये. माउली, तुम्ही अखंड सप्ताहात वीणेचा पहारा दिला असेल, तर तुम्हाला हे वेगळे समजावून सांगायला नको. रात्री अडीच वाजता डोळे चुरचुरत असतात, समोरून दुसरा विणेकरी येतो, एकमेकांच्या पायांवर डोके ठेवायचे, त्याच्या गळ्यात वीणा घालायची, तिने जमिनीला टेकायचे नाही, आणि मुखातले नाम तुटू द्यायचे नाही. सात दिवस ती वीणा कोणा एकाची नसते. मी आळंदीला जोग महाराजांच्या संस्थेत शिकत असताना अशा पहाऱ्यांवर उभा राहिलो आहे. त्यामुळे परक्या देशात, रात्रीच्या अंधारात, एका भावाचे चाक दुसऱ्याच्या चाकाला येऊन लागते, हे मला इथे ओसरीवर बसून दिसले.

इथपर्यंत मी कौतुकाने ऐकत होतो. मग तो म्हणाला, "आबाजी, त्यांनी हे आदिवासींच्या डोळ्यांसाठी केलं. त्या कामाला मदत गोळा व्हावी म्हणून." आणि मी गप्प झालो.

आमच्या मेळ्यात एक टाळकरी आहेत. अरुणावतीच्या अंगाला त्यांचा तांडा. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, मी त्यांना दादा म्हणतो. तीसेक वर्षांपूर्वी पावली खेळताना ते शेजारच्याला धडकू लागले. मी दोनदा चारचौघांत रागावलो, "दादा, लक्ष कुठं आहे?" लक्ष होते, नजर नव्हती. एका शिबिरात कळले की काचबिंदू आहे. मोतीबिंदू वेगळा, तो काढला की दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्यातला दाब नस मारतो, आधी कडेचे दिसणे जाते, समोरचे शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. आणि गेलेले परत येत नाही. उरलेले तेवढे राखायचे, रोज थेंब घालून, गरज पडली तर शस्त्रक्रिया करून.

गावातली चार मंडळी माझ्याकडे आली. काल्याच्या कीर्तनाला हजारभर माणूस असतो, महाराजांनी एक शब्द टाकावा, झोळी फिरवू. मी साफ नाही म्हटले. नारदाच्या गादीवरून पैशाचा शब्द निघणार नाही, असे ठणकावून सांगितले. तुकोबांनी कथेचे मोल घेणाऱ्यांना काय काय सुनावले आहे, तेही ऐकवले. दादा तिथेच बसले होते. म्हणाले, "महाराज बरोबर बोलले." मी माझ्याजवळचे काही दिले, ते महिनाभराच्या थेंबांना पुरले. पुढे थेंब सुटले. तीन वर्षांत दोन्ही डोळ्यांपुढे अंधार आला.

आता खरे सांगतो. त्या काळात मी गाडीभाडे घेत होतो. नारळाबरोबर पाकीट आले तर परत करत नव्हतो. गादी बाटते ती दादांच्या डोळ्यांनी, माझ्या भाड्याने बाटत नाही, असा माझा हिशेब. आणि हे मी कुठल्या मुलखात बसून म्हणालो? गाडगेबाबांच्या वऱ्हाडात. त्यांनी कीर्तने केली, लोकांकडून मदत उभी केली, आणि पंढरपूर, नाशिक, आळंदीला गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र गाडग्यातली भाकर खाल्ली. तुकोबांचा राग होता तो कीर्तनकाराच्या खिशावर. मी तो दादांच्या औषधावर नेऊन ठेवला. ग्रंथ पाठ असून असे होते, माउली.

म्हणून नातू जेव्हा म्हणाला, "आम्हीही तांड्यांवरच्या चाळिशीपुढच्या माणसांच्या डोळ्यांचा दाब तपासून घेणार आहोत, किलोमीटरला एक रुपया मागणार आहोत," तेव्हा मी लगेच हो म्हटले नाही. या सायकलस्वारांचेही मला सगळेच पटत नाही. फोटो फार, अंगातल्या सदऱ्यांवर नावे फार. (आम्हा कीर्तनकारांचे फलक चौकाचौकांत लागतात, ते सोडून बोलतो आहे.) मी एकच अट घातली: झोळीतल्या पैशाला टायरचा, ट्यूबचा, चहाचा स्पर्श होता कामा नये. सायकलीचा खर्च ज्याचा त्याने करायचा. पोरांनी ती मान्य केली.

हंगाम फार मोठा झाला असे नाही. आठांपैकी सहांनी दोनशे पूर्ण केले, दोघांनी तीनशे. चारशे शिक्षकाने एकट्याने केले. नातू तीनशेच्या फेरीत २६० वर अडला. वारे समोरून, गुडघा धरलेला, वेळ संपली. कार्डावर शेवटचा शिक्का नाही. घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलला नाही. वर हिशेबाचा घोळ: फेरी पुरी नाही, तर रुपये मागायचे की नाही? एका दुकानदाराने पुरे न केलेल्याचे द्यायला नकार दिला. दुसरा म्हणाला, रस्ता तर चालवलाच ना!

यंदाच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन दुसऱ्या महाराजांचे होते. मी त्यांच्या पाया पडून दहा मिनिटे मागून घेतली. उभे राहून आधी तीस वर्षांपूर्वीची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. दादा टाळकऱ्यांच्या ओळीत होते, त्यांना आधी विचारले होते. मग खांद्यावरचे उपरणे काढले, दोन टोके नातवाच्या हातात दिली, दोन मी धरली, आणि मंडपातून फिरलो. हात थरथरत होते. आयुष्यात पहिल्यांदा मागत होतो.

फिरत फिरत दादांपाशी आलो. त्यांनी चाचपून उपरण्यात दहा रुपये टाकले आणि विचारले, "महाराज, पोट्ट्यानं किती चालवली?"

"दोनशे साठ," मी म्हटले. "पुरी नाही झाली त्याची."

"मंग अडीचशे राह्यले माह्यावर," दादा म्हणाले. "हप्त्यानं देतो." आणि टाळ उचलले.